आशाताईची पिशवी

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की एकदोन दिवसांत आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, दारात उभी राहते. खांद्याला पिशवी. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, श्वास मोजायला घड्याळ, छोटं ब्लँकेट, ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या आणि कागदांचा गठ्ठा. ती हात धुते, बाळाच्या काखेत थर्मामीटर धरते, झोळीत घालून वजन घेते, छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजते आणि सगळं फॉर्मवर उतरवते. घरातली आजी म्हणते, "ताई, दवाखान्यात केलंय की वजन. रोज रोज काय करायचं?" आशाताई हसते. "रोज नाही आजी, आता सातव्या दिवशी येते." मग चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. या सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली आणि कागद नीट भरले, तर तिला २५० रुपये मिळतात.

हे दिवस कोणी ठरवले? पंचांगातून आलेले नाहीत. कुठल्या तरी संशोधनातून निघून, समित्यांच्या टेबलांवरून फिरत ते या वाडीवर पोचलेत. माझा प्रश्न त्या प्रवासाबद्दल आहे. वैद्यकीय संशोधनावर जगभर प्रचंड पैसा खर्च होतो, त्यातला बराचसा तुमचा-आमचा. त्यातलं किती सरकारी धोरणात उतरलं, हे मोजता येतं का?

सोपा उपाय म्हणजे मोजणी. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढे किती निबंधांनी केला, ते मोजायचं. विद्यापीठांत हेच चालतं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षकांच्या बढतीसाठीही प्रकाशित निबंध लागतात. बारामतीत २०१९ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तिथले प्राध्यापकही याला अपवाद नाहीत. पण एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा निबंध वाचला, एवढंच यातून कळतं. माळेगावच्या किंवा भिगवणच्या माणसाच्या आयुष्यात काही बदललं का, याचा पत्ता त्यात नसतो.

म्हणून अलीकडे दुसरी मोजणी आली. सरकारं, आयोग, जागतिक आरोग्य संघटना यांची कागदपत्रं संगणकाने चाळायची आणि त्यांत कोणत्या निबंधांचा हवाला दिलाय ते शोधायचं. 'ओव्हर्टन' नावाचा यासाठीचा मोठा संग्रहच आहे. जिथे सरकारी अहवालाच्या शेवटी संदर्भांची यादी छापतात, तिथे हे बरं चालतं. आपल्याकडे पंचाईत अशी, की शासन निर्णयाच्या वरच्या बाजूला 'वाचा' किंवा 'संदर्भ' असा मथळा असतो खरा, पण त्याखाली आधीचे शासन निर्णय आणि केंद्राकडून आलेली पत्रं असतात. कागद कागदाचा हवाला देतो. संशोधन त्या पत्रांच्या चारपाच पायऱ्या मागे कुठे तरी असतं. संगणकाला ते दिसत नाही आणि तो सांगतो, प्रभाव शून्य.

मग उलटं चालायचं. निबंधापासून पुढे येण्याऐवजी पिशवीपासून मागे जायचं.

बाळाच्या भेटींचा माग काढला, तर आपण इंदापूरहून थेट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत पोचतो. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था तिथे सुरू केली. त्या वेळी तिथली बहुतेक बाळंतपणं घरीच होत आणि बाळ दगावलं तर त्याची नोंदही होत नसे. बंगांनी आधी मृत्यू मोजले. मग गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. ३९ गावांत या बाया घरोघर जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या आणि ४७ गावं तुलनेसाठी नेहमीच्या सेवेवर ठेवली. प्रयोगाच्या गावांत नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ होता, तो १९९७-९८ पर्यंत २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या घरातच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये हा निबंध छापून आला.

पुढचा रस्ता सरळ नाही. निबंध आला म्हणून दिल्लीत कोणी दुसऱ्या दिवशी फाइल उघडली नाही. हे गडचिरोलीत जमलं, बंग तिथे आहेत म्हणून जमलं, इतरत्र कसं जमणार, असा आक्षेप होताच. आक्षेप वाजवी होता. म्हणून महाराष्ट्रात सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, पाच राज्यांत वेगळी चाचणी घेतली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावोगाव 'आशा' आली, म्हणजे काम करायला माणूस तयार झालं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांच्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली. भारत सरकारची मार्गदर्शक सूचना निघाली २०११ मध्ये. निबंधापासून धोरणापर्यंत बारा वर्षं.

बारा वर्षं म्हणजे उशीर की घाई? या क्षेत्रात 'सतरा वर्षं' हा आकडा मंत्रासारखा जपला जातो. संशोधन प्रत्यक्ष उपचारात यायला सरासरी सतरा वर्षं लागतात, असं २००० सालच्या एका अभ्यासातून निघालं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. २०११ मध्ये मॉरिस, वूडिंग आणि ग्रँट या ब्रिटिश अभ्यासकांनी यावर चांगला चिमटा काढला. त्यांचं म्हणणं असं, की उत्तर सतरा आहे, पण प्रश्न काय होता? घड्याळ सुरू कधी करायचं, पैसे मिळाले तेव्हा की निबंध छापला तेव्हा? आणि थांबवायचं कधी, आदेश निघाला तेव्हा की औषध माणसाच्या पोटात गेलं तेव्हा? गडचिरोलीचंच पाहा. प्रयोग सुरू झाला तिथून मोजलं तर अठरा वर्षं होतात, आणि इंदापूरच्या वाडीवर पहिली भेट झाली तिथपर्यंत मोजलं तर आणखी जास्त.

यापेक्षाही मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. गडचिरोलीच्या प्रयोगाचा गाभा नुसती भेट हा नव्हता. बाळाला जंतुसंसर्ग झालाय असं लक्षणांवरून ओळखलं, की आरोग्यदूत स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन देत असे. निबंधाच्या शीर्षकातही जंतुसंसर्गावरचे उपचार होते. राष्ट्रीय धोरणाने भेटी घेतल्या, वजन घेतलं, थर्मामीटर घेतलं. इंजेक्शन मात्र आशाताईच्या पिशवीत ठेवलं नाही. आजारी बाळ ओळखायचं आणि वर पाठवायचं, एवढंच तिच्याकडे आलं. २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली, तीही एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरना.

आता सांगा, या संशोधनाचा धोरणावर प्रभाव किती? 'पडला' म्हणून एक गुण द्यायचा, की अर्धा? हवाले मोजणाऱ्या यंत्राला हा फरक कधीच कळणार नाही, कारण संशोधन पूर्ण उचललं काय नि अर्धं उचललं काय, कागदात नाव तेच असतं. मला विचाराल तर धोरणकर्त्यांना सरसकट दोष देता येत नाही. लाखो आशांच्या हाती नवजात बाळाचं इंजेक्शन द्यायचं, तर त्यांच्या पाठीमागे गडचिरोलीसारखी रोजची देखरेख उभी करावी लागते. शिवाय बारामती-इंदापुरात आज बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथे 'वर पाठवा' या वाक्याला अर्थ आहे. तेच वाक्य पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या पाड्यावर पोकळ ठरतं. धोरण एकच, पण त्यातून गाळलेल्या ओळीची किंमत जागेप्रमाणे बदलते.

बरं, परिणाम तरी मोजता येईल ना? देशाचा नवजात मृत्युदर २००० मध्ये हजारी ४४ होता, २०२० मध्ये तो २० झाला. महाराष्ट्राचा २०२० मध्ये ११. यातलं श्रेय गडचिरोलीला किती? त्याच काळात जननी सुरक्षा योजना आली, नवजात बालकांसाठी खास कक्ष उघडले, १०८ ची गाडी धावू लागली, मुलींचं शिक्षण वाढलं, लग्नाचं वय थोडं पुढे सरकलं. उसाच्या एकरी उताऱ्यात पाण्याचा वाटा किती, खताचा किती आणि बेण्याचा किती, असं विचारल्यासारखंच आहे हे. शेतकरी म्हणेल, पाणी तोडून बघा मग कळेल. धोरणाच्या बाबतीत तसं पाणी तोडून बघता येत नाही. म्हणून यातले जाणते अभ्यासक आता 'श्रेय' हा शब्दच टाळतात, 'हातभार' म्हणतात. बैठकींची इतिवृत्तं वाचायची, अधिकाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, इतर कारणं एकेक तपासायची आणि मग हातभार कुठे दिसतो ते मांडायचं. ब्रुनेल विद्यापीठाच्या बक्स्टन आणि हॅनी यांनी १९९६ मध्ये 'पेबॅक' नावाची चौकट सुचवली, ती याच वाटेची. ज्ञान, पुढच्या संशोधनाला मदत, धोरण, आरोग्य आणि पैसा असे पाच वेगळे रकाने करायचे आणि त्यांची बेरीज करायची नाही. 'बेरीज करायची नाही' हा त्यातला शहाणपणाचा भाग, असं मला वाटतं.

ब्रिटनने बेरीज करून पाहिली. २०१४ पासून तिथल्या विद्यापीठांना सरकारी पैसा देताना समाजावरच्या प्रभावालाही गुण दिले जातात. पहिल्या फेरीत २० टक्के, २०२१ मध्ये २५ टक्के. २०१४ मध्ये प्रभावाच्या जवळपास सात हजार कहाण्या सादर झाल्या. झालं काय, की कहाणी चांगली लिहिता येणं हेच एक कसब होऊन बसलं. ज्या संशोधनाने एखादी चुकीची योजना थांबवली, त्याची कहाणी होत नाही. न झालेल्या गोष्टीचा फोटो कसा काढणार?

अमेरिकेतल्या कॅरल वाइस यांनी १९७९ मध्येच सांगून ठेवलं होतं, की निबंध वाचून निर्णय घेतला असं क्वचित घडतं. संशोधन जास्त करून झिरपतं. लोकांची विचार करायची पद्धत हळूहळू बदलते आणि एक दिवस ती गोष्ट 'हे तर सगळ्यांनाच माहीत आहे' होते. आजच्या आयांना अतिसारात बाळाला पाजत राहायचं असतं हे माहीत असतं. ते माहीत होण्यामागे १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात कालवलेलं मीठ-साखरेचं पाणी आहे, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. ओआरएसचं पाकीट आशाताईच्या पिशवीत आहे, हाच त्याचा हवाला.

पिशवीतल्या कागदांच्या गठ्ठ्यात तिशीपुढच्या माणसांसाठी एक फॉर्म असतो. तंबाखू, कमरेचा घेर, घरात कोणाला मधुमेह. बायकांसाठी आणखी काही प्रश्न: दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून जातं का, पाळी गेल्यावर रक्त दिसलं का. हे प्रश्न गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आहेत. त्यांचा माग काढायला गडचिरोलीइतकं लांब जावं लागत नाही. इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत दोनेक तासांत बार्शी येते.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या मदतीने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते फिरत, लोकांना लक्षणं समजावत आणि रोगी शोधत. काही वर्षांनी डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की बाया आता रोग लवकरच्या टप्प्यावर असतानाच येऊ लागल्यात. १९९५ मध्ये त्यांनी हे छापलं. मोजायला गेले आणि मोजण्यानेच फरक पडला. संशोधनाचा हा प्रभाव कुठल्याही धोरणाच्या कागदावरून गेला नाही.

याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया त्यात घेतल्या. गावांचे ५२ गट पाडले आणि चार प्रकार केले: कुणाची एचपीव्ही या विषाणूची तपासणी, कुणाची पेशींची पॅप चाचणी, कुणाची व्हीआयए, म्हणजे पातळ ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग दिसतो का ते बघणं, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, टाटा आणि बार्शी यांचं हे मिळून काम. एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले आणि चौथ्या गटात ६४. गटांचा आकार जवळपास सारखा. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर! पॅप आणि व्हीआयएच्या गटांत असा ठोस फरक दिसला नाही. त्या चौथ्या गटातल्या बायांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे कडक टीका झाली. निष्कर्षाच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात त्या होत्या, हे विसरून हा आकडा वाचता येत नाही.

आता या निबंधाचा प्रभाव मोजा. जगात तो प्रचंड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या शिफारशीत एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली. त्यामागच्या पुराव्यांत धाराशिवच्या गावांना मानाचं पान आहे. आणि भारतात? २०१६ च्या राष्ट्रीय सूचनांनी ३० ते ६५ वयाच्या बायांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए निवडली. बातमी करायची तर 'संशोधन आपल्या मातीत, धोरण परक्यांचं' अशी सहज होईल, आणि ती अर्धवट असेल. तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या चाचणीत व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले होते, मुंबईच्या वस्त्यांमधल्या चाचणीत ३१ टक्क्यांनी. म्हणजे सरकारने संशोधन नाकारलं नाही. उपकेंद्राच्या खोलीत, यंत्राशिवाय, सिस्टरच्या हाताने जमेल असं संशोधन उचललं. पण तेही किती पोचलं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी ही तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. धोरण कागदावर आलं, की आपण 'प्रभाव पडला' म्हणून घड्याळ थांबवतो. खरी मोजणी तिथून सुरू व्हायला हवी.

कधी कधी तर गाडी उलटीही धावते. २००९ मध्ये बार्शी आणि पुण्यासह देशातल्या काही केंद्रांत एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे बघणारी चाचणी सुरू झाली. आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वादळ उठलं आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने चाचण्यांमधलं सगळंच एचपीव्ही लसीकरण थांबवलं. ठरलेले डोस अर्धवट राहिले. जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं, की एका डोसचं संरक्षणही जवळपास तितकंच टिकतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यात या अपघाताने तयार झालेल्या गटाचा हातभार आहे. सरकारी बंदीने जन्माला घातलेला पुरावा कोणत्या रकान्यात मांडायचा?

ऑक्टोबर संपत आला, की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दिसू लागतात. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. टोळ्यांतल्या बायांच्या बोलण्यात 'पिशवी' म्हणजे गर्भाशय. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेल्यावर 'काढली नाही तर कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं, असं अनेकींनी सांगितलं. म्हणजे बार्शीच्या ज्ञानातली भीती त्यांच्यापर्यंत आली, तपासणी आली नाही.

आशाताई कोपीवर जाते तेव्हा फॉर्मवर पहिला रकाना असतो पत्त्याचा. उपकेंद्राची तिशीपुढच्या बायांची यादी गावातल्या कुटुंबांवरून बनते. कोपीतली बाई त्या यादीत नाही आणि तिच्या गावच्या यादीत आहे तर ती गावात नाही. टक्केवारी कशीही काढा, ती दोन्हीकडे निसटते. तिच्यासाठी कोणती तपासणी बरी, याचं उत्तरही धाराशिवचा निबंध सरळ देत नाही. एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदा झाली तरी उपयोगाची, आणि ही बाई पुन्हा कधी हाती लागेल सांगता येत नाही. पण नमुना प्रयोगशाळेत जाऊन निकाल येईपर्यंत इथला फड संपून टोळी पुढच्या गावाला हललेली असू शकते. व्हीआयएचं उत्तर मिनिटभरात मिळतं, ट्रॅक्टर निघायच्या आत.